रडायचा सीन

सिनेमा बेघर पोरांचा, म्हणून दिग्दर्शकाने रस्त्यावरच्याच दोन बहिणी आणल्या होत्या. थोरली फुणगी, धाकटी पिल्लू. शूटिंगसाठी पत्रे-फळ्या ठोकून झोपडी उभी केली, तिला आतून कडी बसवली. राखणदार भला माणूस. रात्री पोरींना तो तिथेच झोपू द्यायचा. कडी लावून झोपणं त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

आता शेवटचा सीन राहिला होता. पिल्लू हरवते, फुणगी दारात बसून रडते. एरवी एका झटक्यात काम करणारी फुणगी ऐन वेळी फिसकन हसली. मग शिंकली. मग म्हणे तहान लागली. दुसऱ्या दिवशीही तोच तमाशा.

"अगं बाई, रडायला पैसे पडतात का?" दिग्दर्शक वैतागला.

"येतच नाही दादा. आटलंय."

"आणि परवा पाव पडला तेव्हा गळा काढलास तो?"

"तो खरा पाव होता."

सगळे खो खो हसले.

कपडे सांभाळणाऱ्या मावशींनी तिला बाजूला घेतलं. "खरं सांग बाळा, मुद्दाम करतेस ना?"

फुणगी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "हा सीन झाला की झोपडी मोडणार. राखणदारकाका म्हणाले. नाही झाला, तर राहील ना?"

मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. साहेबही लेकुरवाळे आहेत, देव बुद्धी देईल, अशा भरवशावर त्यांनी दिग्दर्शकाला हळूच सगळं सांगितलं.

त्याचे डोळे पाणावले, खोटं कशाला बोला. मग तो सहायकाच्या कानाशी लागला. कॅमेरा फुणगीच्या चेहऱ्यावर आला. त्याने खूण करताच सुतारांनी छपराचा पत्रा ओढला.

"दादा, थांबा!" फुणगी धावली. "मी रडते! आत्ता रडते, बघा ना!"

गालांवरून पाणी वाहत होतं. सुतारांचे हात थबकले. दिग्दर्शकाने बोटानेच खुणावलं, चालू द्या.

सीन एका दमात झाला. टाळ्या पडल्या.

मावशी पदर घेऊन तिचे डोळे पुसायला गेल्या, तशी फुणगी मागे सरली.

"तुम्हीच सांगितलंत," एवढंच म्हणाली, आणि पिल्लूचं बोट धरून निघाली.

"ए पोरी," सहायक मागून ओरडला, "फ्रॉक आमचा आहे, काढून दे!"