अंकुरच्या मायले फोन लाव

टिकारामजींच्या नव्या गाडीत बिघाड एकच होता. गाडीला तोंडी सांगितलेलं सगळं कळायचं. काच खाली कर म्हटलं की काच खाली, गाणं लाव म्हटलं की गाणं. फक्त बायकोला फोन लावायला सांगितला की तो लागायचा पुण्यात, मुलाला.

"अंकुरच्या मायले फोन लाव," लाखनीच्या बाजारातून निघताना टिकारामजी गाडीला सांगायचे, आणि तिकडे अंकुर ऑफिसातली मीटिंग सोडून बाहेर धावायचा. बाबांना यायला उशीर आहे, भाजी झाकून ठेव, हा निरोप मग तो पुण्याहून भंडाऱ्याला आईला कळवायचा. पोरगा पगार ऑफिसचा घ्यायचा आणि नोकरी आईबापाच्या फोनची करायचा.

अंकुरच्या आईला, कौशल्याबाईंना, मात्र याचं हसू येत नव्हतं. ही बोलकी गाडी त्यांच्याच हट्टाने आली होती. टिकारामजींचा कोशाच्या रेशमी कापडाचा धंदा, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस हायवेवर. बायकोचा नंबर तोंडपाठ, म्हणून तो मोबाईलमध्ये कधी साठवलाच नाही. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने आकडे दाबायचे. दिवाळीच्या आधी असेच आकडे दाबता दाबता जुनी गाडी ट्रकला घासली; दार चेपलं, माणूस थोडक्यात वाचला. आणि परवा अंकुरने वैतागून फोन उचलला नाही, तर यांनी चालत्या गाडीत पुन्हा आकडे दाबले. हे कळल्यावर कौशल्याबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि शोरूमला चला म्हणाल्या.

शोरूममध्ये गाड्या दुरुस्त करणारी हर्षा जवळच्या वरठी गावची, बोलायला मोकळी. ती टिकारामजींच्या शेजारी बसली. तिने मोबाईल गाडीपासून तोडला, पुन्हा जोडला, माईक पुसला, सगळं बंद करून चालू केलं. मग काका, नेहमी म्हणता तसं म्हणा, असं सांगितलं. ते म्हणाले आणि फोन अंकुरला लागला. तेव्हा तिने मोबाईलमधली नावं बघितली. रुखमिणी, शकुनबाई, सुमनबाई, सगळ्या विणकर बाया नावानिशी हजर होत्या.

"काका, गाडी चांगली आहे. काकूंचं नावच नाही यात," ती म्हणाली. "गाडी अंकुरले ओळखते. त्याची माय कोण, हे तिले कसं समजन?"

काय नाव लिहू, असं तिने विचारल्यावर टिकारामजी खोकले. आधी 'घर' लिही म्हणाले, मग 'मिसेस'. बरेच लोक 'होम मिनिस्टर' लिहितात, असं हर्षाने सुचवलं आणि ते त्यांना फार पसंत पडलं.

"कौशल्या लिव वो बाई," मागून आवाज आला.

या माणसाने लग्नात घास भरवतानासुद्धा नाव घेतलं नव्हतं. बाया अडून बसल्या, तर 'मनात घेतलं' म्हणून सुटका करून घेतली. सगळे हसले, नवरीही हसली. पुढचा संसार 'ऐकते का वो' यावर निघाला, आणि अंकुर झाल्यावर तर तीही अडचण मिटली. हळूहळू कौशल्याबाईंचे आईबाप गेले, मोठा भाऊ गेला. कौशल्या म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. त्यांना फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला? खायला-ल्यायला कमी नाही, नवरा निर्व्यसनी, आणि बाई रडते कशाला, तर नावासाठी. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

हर्षाने नाव लिहिलं आणि आता म्हणा म्हणाली. टिकारामजींनी चष्मा काढून पुसला. तूच म्हण पोरी, गाडीला कोणाचाही आवाज चालतो, असं त्यांनी समजावलं. आपण तर नवऱ्याला दिवसभर भूपेंद्र, भूपेंद्र करत असतो, अजून काही बिघडलं नाही, असं हर्षा म्हणाली. तुमचं वेगळं, आमच्या वयाला ते बरं दिसत नाही, असं यांचं उत्तर.

"हायवेवर हे पोरगी संगं येणार आहे का?" कौशल्याबाई म्हणाल्या. "अन् ट्रकखाली गेले तं बरं दिसन? माहं नाव घेन्यापरीस मरण सोपं वाटते का जी तुमाले?"

टिकारामजी मग देवापुढे नवस बोलावा तसं काहीतरी पुटपुटले. काही ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, असं गाडी म्हणाली. त्यांनी चष्मा परत घातला, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि जिवाचा धडा करून बोलले.

"कौशल्याले फोन लाव."

आवाज गरजेपेक्षा बराच मोठा निघाला. बाहेर गाडी धुणारे दोघं वळून बघायला लागले. कौशल्याबाईंच्या मांडीवर मोबाईल थरथरला. त्यांचे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना, तरी पदराखाली अंगठ्याने त्यांनी फोन बरोबर कापला.

"नाही लागला जी," त्या म्हणाल्या. "अजून एक बार म्हणा."