ऐकत नाही

घरात मला भोंगा म्हणतात. माझा आवाज लहानपणापासूनच घोगरा आणि भारी. मी शेजारच्या खोलीतून पाणी मागितलं तरी वरच्या मजल्यावरचे लोक दचकतात, असं बाबांचं म्हणणं. वैद्यकीय शिक्षण झालं, नावापुढे डॉक्टर लागलं, तरी भोंगा काही सुटला नाही. एरवी मला त्याचं काही वाटत नसे. पण मला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि मी तोंड उघडलं की लहान मुलं आईच्या खांद्यात तोंड खुपसून टाहो फोडत.

पुढच्या शिक्षणासाठी कोणती शाखा हवी ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बाबांनी त्यांच्यापुरतं कधीच ठरवून टाकलं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्याला लागून एक छोटा गाळा आहे. मी बारावीत असल्यापासून त्यांनी तो रिकामा ठेवलाय. कुणी भाड्यानं मागितला की सांगतात, "आमच्या डॉक्टरचा आहे तो." त्या गाळ्यात मी डोळ्यांचे नंबर काढायचे आणि ते इकडे चष्मे करणार, अशी सगळी आखणी.

"डोळ्यांचं काम कसं सुटसुटीत," ते म्हणाले. "अक्षरं दाखवायची, वाच म्हणायचं. नाही वाचता आलं तर काच बदलायची. तुझ्या त्या पोरांना विचारलं काय होतंय, तर म्हणणार, मम्मं."

"बाबा, मला मुलंच बघायचीत."

"बघ की. डोळे मुलांनाही असतात."

मला मुलंच का बघायची होती, हे त्यांना पटेल असं सांगता येत नव्हतं. प्रशिक्षणाच्या वर्षात एक तान्हं बाळ आलं होतं. सकाळपासून रडत होतं. सगळ्यांनी पोट बघितलं, कान बघितले, काहीच सापडेना. मी पायातला मोजा काढला, तर एका बोटाला आईचा लांब केस करकचून गुंडाळलेला, आणि बोट सुजून जांभळट झालेलं. तो केस कापला. बाळानं दोन हुंदके दिले आणि जांभई दिली. मोठा माणूस आपला आजार सांगतो, आणि सांगताना त्यात स्वतःची मतं मिसळतो. मूल काहीच सांगत नाही, तरी सगळं त्याच्या अंगावर असतं. ते शोधून काढायची मला चटक लागली होती.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. आम्हा बहिणींना लहानपणी मुलांच्या ज्या डॉक्टर मॅडमकडे नेत, त्यांना विचारायचं. त्या आता साठीच्या पुढे आहेत आणि तोंडावर खरं बोलतात. "त्या हो म्हणाल्या तर मी एक शब्द बोलणार नाही," बाबा म्हणाले. "नाही म्हणाल्या तर डोळे. कबूल?"

मी कबूल केलं.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "आवाज खाली घे. बाहेर दोघं रडायला लागली."

मी आवाज खाली घेतला.

"आठवडाभर ये," त्या म्हणाल्या. "हात मागे बांधायचे. कुणाला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. बाहेरच्या खोलीत उभी राहा. प्रत्येक मूल आत येण्याआधी मला त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची. आईनं सांगितलेली नको, तू बघितलेली. शनिवारी सांगते, तू यात पडावंस की नाही."

पहिल्या दिवशी मी धडाधडा सांगत सुटले. वय अंदाजे तीन, बांधा मध्यम, चेहऱ्यावर फिकटपणा नाही.

"हे पुस्तकात आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलात काय आहे?"

हात मागे बांधून उभं राहणं सोपं नसतं. आमचं सगळं शिक्षण हातांचं. नाडी बघा, पोट दाबा, छातीला नळी लावा. हात काढून घेतले की डोळ्यांवर एकदम सगळा भार येतो. दुसऱ्या दिवशी मला एक मुलगी दिसली. तिच्या उजव्या बाजूला गाडी पडली होती, ती तिनं सगळं अंग वळवून डाव्या हातानं उचलली. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. आई तापासाठी घेऊन आली होती. मी आत जाऊन सांगितलं. कुणीतरी हात धरून ओढलं होतं, कोपर किंचित निखळलं होतं. मॅडमनी एका हालचालीत ते बसवलं आणि माझ्याकडे बघून "हं" म्हणाल्या. मी तो "हं" घरी घेऊन गेले.

घरी आवाजाची तालीम चालू होती. ताईची मुलगी सहा वर्षांची आहे, शाळा सुटल्यावर आमच्याकडेच असते. ती पलंगावर चित्र रंगवत बसायची, आणि मी मागे दाराशी उभी राहून हळू बोलायचा सराव करायचे.

"लाल रंग दे."

ती वळायची. मी आणखी हळू बोलायचे. तरी वळायची. अगदी ओठातल्या ओठात पुटपुटले तरी तिची मान फिरायचीच.

"मावशी, असं नको ना बोलूस," ती शेवटी वैतागून म्हणाली. "भोंगाच बरा होता. हे भूत बोलल्यासारखं वाटतं."

गुरुवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सर्दीची साथ होती. कोपऱ्यात जमिनीवर एक मुलगी ठोकळे रचत बसली होती, माझ्या भाचीएवढीच. नाक वाहत होतं, तोंड उघडं. तिची आई शेजारच्या खुर्चीवरून सगळ्या खोलीला ऐकवत होती.

"सर्दीचं काही नाही हो, ती येते नि जाते. पण ही कुण्णाचं ऐकत नाही. शाळेत बाईंनी मागच्या बाकावर बसवलंय. दहा हाका मारल्या तर एकदा बघते."

"एकदा बघते?" पलीकडचे एक बाबा म्हणाले. "नशीबवान आहात. आमचा तेवढंही करत नाही."

सगळे हसले. ऐकत नाही, ही तक्रार तिथं दिवसातून इतक्या वेळा होते की मॅडम ती कानाआडच करतात. मीही केली असती. पण मला एक खोड आहे, आणि घरी त्यावरून माझी बरीच थट्टा होते : मी शब्द आहे तसा घेते. बाबा म्हणाले "पाच मिनिटांत येतो" तर मी घड्याळ बघते. ऐकणं या शब्दात आपण कान आणि आज्ञा दोन्ही कोंबलंय. या बाईंना त्यातलं कोणतं म्हणायचंय?

मी मुलीकडे बघत राहिले. आई तिच्याकडे तोंड करून बोलली की ती आईच्या ओठांकडे बघायची आणि सांगितलेलं करायची. आई दुसरीकडे बघत बोलली की ठोकळ्यांवरची नजर हलत नव्हती. हा हट्टीपणा असता तर दोन्ही वेळा सारखाच दिसला असता.

बोलायला मनाई होती. हे मला पूर्ण आठवत होतं. मी हात मागे ठेवूनच तिच्या पाठीमागे गेले, भाचीपासून जेवढी लांब उभी राहायचे तेवढी लांब उभी राहिले, आणि घरच्याच आवाजात कुजबुजले, "तुझ्या डोक्यावर उंदीर बसलाय."

ती निवांतपणे निळा ठोकळा पिवळ्यावर ठेवत होती.

दोन खुर्च्या पलीकडून मात्र किंकाळी आली. "आई, उंदीर!" एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहिली होती. "कुठंय?" "तिथं, तिथं!" पुढच्या क्षणी खोलीतले सगळे पाय जमिनीवरून वर गेले होते. एका आजोबांनी छत्री उगारली. तीन मुलं रडायला लागली, दोन आनंदानं नाचायला लागली. माझ्या समोरची मुलगी ठोकळे रचत होती. तिच्या डोळ्यांसमोर माणसं धावायला लागली तेव्हा कुठे तिनं मान वर केली आणि काय झालं म्हणून एकेकाचा चेहरा बघू लागली.

मॅडम दारात आल्या.

"उंदीर कुणी बघितला?"

उगारलेली छत्री हळूच खाली आली.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मी म्हटलं होतं."

"तुला बोलायला मनाई होती."

"हो."

"आत ये."

आत गेल्यावर त्या बसल्या नाहीत, मलाही बस म्हणाल्या नाहीत. शनिवारचं उत्तर मला त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसायला लागलं होतं.

"ती कोपऱ्यातली मुलगी," मी म्हणाले. "तिची आई म्हणते ऐकत नाही."

"सगळ्याच आया म्हणतात."

"ही खरंच ऐकत नाही, मॅडम. म्हणजे तिला ऐकू येत नाही नीट."

"सर्दी आहे तिला."

"माझी भाची तिच्याच वयाची आहे. रोज तिच्यामागे उभी राहून मी असंच बोलते. एकदाही चुकली नाही ती. आत्ता त्या आवाजानं आणि नंतरच्या गोंधळानं सगळी खोली उठली. ही नाही उठली. तिनं माणसं पळताना बघितली, तेव्हा तिला कळलं."

मॅडम दाराकडे वळल्या. मग दार उघडून त्यांनी त्या मायलेकींना आत बोलावलं.

तपासणी आईच्या मांडीवरच झाली. आधी गप्पा, मग छाती, कान सगळ्यात शेवटी. दिव्याची छोटी नळी कानाशी धरून मॅडमनी दोन्ही बाजूंना बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

"पडद्यामागं पाणी साठलंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांत. पाण्याखाली डोकं घातलं की आवाज कसा येतो, तसं हिला येत असणार. किती दिवस कोण जाणे."

आईचा हात मुलीच्या केसांत होता तो तिथंच थांबला.

"मी परवा हिला कोपऱ्यात उभं केलं," ती म्हणाली. "ऐकत नाही म्हणून."

"तुम्हाला कळणार कसं? बहुतेक मुलांचं हे हळूहळू ओसरतं. ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि मला दाखवत राहा. नाही ओसरलं तर त्यावरही उपाय आहे. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. आणि शाळेत सांगा, मागचा बाक बंद."

आईनं मुलीला समोर उभं केलं, चेहरा तिच्या चेहऱ्यापाशी नेला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "तुझ्या डोक्यावर उंदीर होता म्हणे."

मुलीनं दोन्ही हात पटकन डोक्यावर नेले.

त्या गेल्यावर मॅडम हात धुता धुता म्हणाल्या, "पुढच्या वेळी फुलपाखरू म्हण. दवाखाना आहे माझा." एवढंच. मी परत बाहेर जाऊन हात मागे बांधून उभी राहिले.

संध्याकाळी दुकानात बाबा फडक्यानं एक काच पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते तीच काच पुन्हा पुसायला लागले.

"अशी पोरं शाळा आधी माझ्याकडे पाठवते," ते म्हणाले. "फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं तरी घेत नाही, डोळे बघा. मी बघतो तर डोळे ठणठणीत. मग मी आईला सांगतो, हिचं लक्ष नाही हो, बाकी काही नाही." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मॅडम काय म्हणाल्या?"

"फुलपाखरू म्हण म्हणाल्या."

"म्हणजे हो की नाही?"

"माहीत नाही. पण बाबा, त्या नाही म्हणाल्या तरी मी मुलंच घेणार आहे. तुम्हाला कबूल केलं होतं, ते मोडतेय. शनिवारनंतर सांगितलं तर ते पळवाट काढल्यासारखं होईल, म्हणून आजच सांगते."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी काच चौकटीत बसवली, उजेडाकडे धरून बघितली.

"तू कधी कुणाचं ऐकलंयस," ते म्हणाले. "आणि कान तर धडधाकट आहेत."

मग दुकान बंद करताना गाळ्याच्या दाराशी थांबले आणि पायानं पायरी चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही उंच आहे. पोरं अडखळतील."

शनिवारी मॅडमनी मला सकाळीच आत बोलावलं.

"मुलं अजून तुला बघून रडतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"आवाज सुधारलाय, पण रडतात."

"रडू देत. रडताना तोंड मोठं उघडतं. घसा छान दिसतो."

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आणि मी म्हटलं, हे तुझं काम नाही, तर?"

"तर मी तुमचं ऐकणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी दवाखान्यात हात मागे बांधून उभी राहीन."

"असं ठरलंच होतं, तर सहा दिवस माझं डोकं कशाला खाल्लंस?"

"शिकायला मिळत होतं."

"हं," त्या म्हणाल्या. खुर्ची मागे सरकवून त्यांनी मला जागा करून दिली. "हात सोड आता. बाहेर दोन वर्षांचा एक मुलगा आहे, रात्रभर कुरकुरतोय. आईच्या मांडीवरच बघ. आणि नळी आधी गरम कर."

आठवडाभर मागे राहिलेले हात पुढे आणले तर काही क्षण त्यांचं काय करावं तेच कळेना. मी नळीचं टोक तळव्यात धरून चोळलं. दार उघडलं, आईच्या कडेवरून तो आत आला. त्याचा डावा हात सारखा डाव्या कानाकडे जात होता. मी खाली बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आले आणि जितक्या हळू येईल तितक्या हळू म्हणाले, "ये रे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ पुढे काढला आणि भोकाड पसरलं.

घसा लालबुंद होता. अगदी स्वच्छ दिसला.