शुक्रवारी धुतलेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी गॅसची शेगडी आहे. जुनी म्हणजे सात वर्षांची. माणसांच्या मुलांचे या वयात दुधाचे दात पडतात आणि आमच्या जातीला या वयात भंगारवाल्याची हाक ऐकू यायला लागते. सध्या मी काष्टी गावातल्या एका कुलूपबंद घरात, ओट्यावर पडून आहे. मला झालेलं दुखणं अगदी साधं होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण सांगू कशी? मला एकच शब्द येतो, ‘टक’. तो मी नको तेव्हा इतक्यांदा बोलले की त्यापायी एका बाईचं घर सुटलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वर काळी काच, तिच्यावर तीन बर्नर आणि पुढे तीन बटणं. एवढं तर कुठल्याही शेगडीला असतं. माझा मान वेगळा होता. माझ्या पोटाखाली एक जाडा सेल बसतो आणि प्रत्येक बर्नरपाशी एक पांढरा खिळा उभा असतो. बटण दाबून फिरवलं की आतली कळ मिटते, खिळ्यातून टकटक ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. बटण सोडलं की मी गप्प. काडी नको की लायटर नको. या गुणामुळे नगरच्या दुकानात मी इतर शेगड्यांमध्ये जरा नाक वर करूनच बसले होते. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही खोटं नाही.

त्या दुकानातून मला गोरक्षने उचललं. तो नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि बायकोमुलांसह तिथेच राहतो. त्याची आई छबूबाई काष्टीत एकटी राहायची. तिला कंपवात होता. दोन्ही हात सारखे थरथरायचे. लायटरचा खटका तिच्या बोटांना दाबवत नसे, म्हणून ती काडी ओढायची. मी येण्याच्या महिनाभर आधी अशीच एक पेटती काडी हातातून निसटून तिच्या पदरावर पडली होती. काठ जळाला, बाई थोडक्यात वाचली. गोरक्ष म्हणाला, नागापूरला चल. ती म्हणाली, मी माझं घर सोडायची नाही. खाण तशी माती, दोघेही हट्टी. शेवटी तडजोड म्हणून मी आले.

“ही जोवर चालती तोवर तू हितं ऱ्हा,” मला ओट्यावर ठेवत गोरक्ष म्हणाला. “पन घरात काडीपेटी दिसली, तर त्याच दिशी गाडीत घालून नेईन.”

“बघू की,” छबूबाई म्हणाली. “तुझी शेगडी दमंल, मी न्हाई दमायची.”

त्याने घरातल्या सगळ्या काडीपेट्या उचलल्या. देवापुढची समईसुद्धा काढून तिथे विजेचा दिवा बसवला. त्या घरात आता विस्तव म्हणून मी एकटीच उरले. मी चालले तर छबूबाई तिच्या घरात, नाहीतर नाही, असा तो करार होता. एवढं ओझं शेगडीवर कुणी टाकू नये, पण टाकलं होतं खरं.

सहा वर्षं मी ते ओझं हसत वाहिलं. छबूबाईच्या हाताला थरथर होती, चवीला नव्हती. भाकरी थापताना ती स्वतःवरच विनोद करायची, “हात आपसूकच हालत्यात, मला निस्तं पीठ खाली धरायचं काम!” शनिवारी काष्टीचा बाजार भरला की आजूबाजूच्या गावांतली सोयरी-धायरी तिच्या दारावरून जायची आणि माझ्यावरचा चहा घेतल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही. बटण दाबताच जाळ उठलेला पाहून म्हातारी माणसं तोंडात बोट घालायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? जिला पाण्याचा पेला न सांडता धरता येत नव्हता, ती बाई एका सकाळी दहा माणसांना चहा पाजायची. पाहुणे उठून गेले तरी तिच्या चेहऱ्यावरचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकायचा.

आता माझ्या दुखण्याकडे येते. छबूबाईने उभा जन्म चूल सारवली होती. शुक्रवारी चूल शेणाने सारवायची, तिला हळदीकुंकू वाहायचं आणि मगच पेटवायची, अशी तिची रीत. माझ्या काचेवर सारवायचं काय? म्हणून ती मला धुवायची. तांब्यातून भरभरून पाणी ओतायची. मग हळदीकुंकू. चुलीचं तोंड लेकरालाही कळतं, पण माझं तोंड कुठलं हे काही तिला उमगेना. तिने माझी तीन बटणं म्हणजेच तीन कपाळं मानली. ओलं कुंकू बोटावर घेऊन ती एकेका बटणाला टेकवायची. हात थरथरायचा. निम्मं कुंकू बटणावर लागायचं आणि निम्मं बटणामागच्या फटीत जायचं. मित्रांनो, माझी कळ त्या फटीच्या आतच बसवलेली आहे.

इतकी वर्षं शुक्रवारचं पाणी शनिवारपर्यंत सुकून जायचं. यंदाच्या श्रावणात मात्र हवा दिवसचे दिवस दमट राहिली. कुंकवाचे जुने थर आत भिजले, फुगले आणि कळ चिकटली. एका शुक्रवारी दुपारी, कुणी बटणाला हात लावलेला नसताना, मी टकटक करायला लागले. थांबायचा खूप प्रयत्न केला. उचकी लागलेल्या माणसाला थांब म्हणून थांबता येतं का? संध्याकाळपर्यंत माझा सेल संपला आणि मी मुकी झाले.

शेजारची रेश्मा धावून आली. तिने नवा सेल घातला, तर मी दुप्पट जोराने वाजू लागले. छबूबाईच्या हातांना सेल काढता-घालता येत नसे, म्हणून रेश्मा रोज सकाळी नवा सेल घालायची आणि दिवस मावळायच्या आत तो मरायचा. त्याच दिवसांत गोरक्षचा फोन आला. माझी टकटक त्याला पलीकडे ऐकू गेली.

“काय वाजतंय गं आई?”

“पाल चुकचुकतीय,” छबूबाई म्हणाली आणि फोन घेऊन लगबगीने अंगणात गेली.

अन्नपूर्णा आपल्यावर कोपली आहे, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून ती मला रोज धुवायला लागली, रोज कुंकू लावायला लागली. मी वाजायचे आणि ती आणखी पाणी ओतायची. तिला वाटायचं, आपली सेवा कमी पडतेय. मला मात्र त्या सेवेतच बुडायची वेळ आली होती. हे जगात कुणालाच कळणार नाही, असं वाटून मी खचून गेले.

पण कळलं. बुधवारी रेश्माने बन्सी मिस्त्रीला आणलं. त्याने माझी बटणं ओढून काढली, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, हितं कुंकवाचा चिखल झालाय. त्यानं बटन न दाबताच कळ चिकटून बसलीय. बाकी शेगडीला काय सुदिक झालेलं न्हाई.”

त्याने हाताला आलं तेवढं कुंकू खरवडून काढलं, कळ फडक्याने टिपली आणि सेल बाहेर काढून ठेवला. “दोन दिस हिला पान्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई,” तो म्हणाला. “शनवारी सकाळी सेल घाला. न्हाई पेटली तर नाव बदलीन.”

मला रडू आलं असतं, पण माझ्यात पाणी आधीच जास्त होतं. गुरुवारी छबूबाईने माझ्यावर पंखा लावून ठेवला आणि स्वतः रेश्माकडे जेवली. दिवसभर ती माझ्याकडे आजारी लेकराकडे पाहावं तशी पाहत होती. माझी कळ हळूहळू मोकळी होत होती. आणखी एक दिवस, फक्त एक दिवस हवा होता.

तो दिवस श्रावणातला शेवटचा शुक्रवार निघाला.

सकाळी न्हाऊन ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. परत गेली. पुन्हा आली. बन्सीचा शब्द तिने मानला होता, पण शुक्रवारी देवीला तसंच पारोसं ठेवायचं, तेही देवी आजारी असताना, हे तिला सोसेना. “दोन थेंबांनं काय हुतंय?” ती स्वतःशीच पुटपुटली. “आन् आज तिला तशीच ठिवली तर उद्या ती पेटंल व्हय?” तिने पाण्याचा तांब्या उचलला. दोनच थेंब टाकायचे होते तिला, मी शपथेवर सांगते. पण हात लटपटला आणि सगळा तांब्या माझ्यावर उपडा झाला.

शनिवारी सकाळी रेश्मा सेल घालून बाजाराला गेली. ती दाराबाहेर पडली तोच मी टकटक सुरू केली. थोड्या वेळाने कर्जतहून छबूबाईचा श्रीमंत नावाचा धाकटा भाऊ बाजारासाठी आला. सदरा खुंटीला अडकवून तो मागे पाय धुवायला गेला. “चहा टाकते,” ती म्हणाली आणि तिने बटण फिरवलं. गॅस सुटला, पण माझी ठिणगी ओल्या अंगावरून भलतीकडेच पळत होती. बर्नरपर्यंत पोचेना. पाहुण्यालाच शेगडी पेटवायला बोलवावं, हे तिला कमीपणाचं वाटलं. श्रीमंतच्या खुंटीवरच्या सदऱ्यात बिडीची काडीपेटी होती. ती तिने काढून घेतली. तीन काड्या मोडल्या. बटण सुरूच होतं, तेवढ्या वेळात गॅस साठत गेला. चौथी काडी पेटली आणि मोठा भपका उडाला.

तिचा डावा हात मनगटापर्यंत भाजला. श्रीमंतने धावत येऊन गॅस बंद केला, तिच्या हातावर पाणी ओतलं आणि लगेच गोरक्षला फोन लावला. त्याचीही चूक म्हणता येत नाही. सख्ख्या बहिणीचा हात त्याच्या डोळ्यांदेखत भाजला होता.

रविवारी गोरक्ष गाडी घेऊन आला. छबूबाईने एकदाच विनवणी केली.

“आरं, वाळू दे तिला. बन्सी म्हनला हुता, दोन दिसांत नीट हुती. माझ्यापायी झालं, मीच पानी सांडलं. दोनच दिस दे.”

“आई, आता शेगडीचा प्रश्न न्हाई ऱ्हायला.”

“मंग कशाचा हाय?”

गोरक्षने तिच्या कपड्यांची पिशवी उचलली, सेल काढून माझ्याशेजारी ठेवला आणि दाराला कुलूप लावलं.

मित्रांनो, पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बंद घरात मला कुणी धुतलं नाही. श्रावण सरला, भादवा गेला, ऑक्टोबरच्या उन्हाने घर तापलं. माझ्या फटीतलं कुंकू वाळून त्याची पूड झाली. माझी कळ अगदी मोकळी झाली. मी बरी झाले, मिस्त्री म्हणाला होता तशीच, काहीही न करता. पण ज्या घरात चहा घ्यायला कुणी नाही, तिथे बरं होण्यात कसलं सुख?

तेव्हा माझं एवढं ऐका. आम्हाला पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. टकटक थांबत नसेल तर सेल काढा, बटणाखाली टिपून घ्या आणि मग थांबा. हे थांबणंच माणसांना सगळ्यात अवघड जातं, कारण त्यात हाताला काही काम नसतं. आमची पूजा करायची असेल तर लांबून हात जोडा. आम्हाला तेवढं पोचतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी गोरक्ष आला. घर भाड्याने द्यायचं त्याने ठरवलं होतं, म्हणून तो सामान पाहत होता. माझ्यापाशी येऊन त्याने सहज सेल घातला. मी वाजले नाही. तो चमकला. त्याने सिलिंडर सुरू केला आणि बटण दाबून फिरवलं. टक. एका ठिणगीत निळा जाळ उभा राहिला. त्याने दुसरं बटण फिरवलं, तिसरं फिरवलं. तिन्ही बर्नर पेटले. तो बराच वेळ त्या जाळाकडे बघत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो ओट्यावर ठेवूनच घेतला, त्यामुळे मला छबूबाईचा आवाज ऐकू आला. किती बारीक झाला होता तो!

“पोचलास का रं? शेगडी बघितली का? वाळली आसंल आता.”

गोरक्षने एकेक करून तिन्ही बटणं बंद केली.

“न्हाई आई. ती गेली. पेटतच न्हाई.”

“बरं,” छबूबाई म्हणाली. “मंग माझी भांडी पन दिऊन टाक कुनाला. मी आता न्हाई येत तिकडं.”

सेल माझ्या पोटात होता. साऱ्या आयुष्यात त्या एका क्षणी मला मनापासून वाजायचं होतं, तिला फोनवर ऐकू जाईल इतक्या जोरात. पण बरी झालेली शेगडी आपणहून वाजत नाही.