गाठ नसलेलं पान

तिला वाटलं होतं, मी एव्हाना भिंत चढून छताला टेकलो असेन. प्रत्यक्षात मी होतो सरबताच्या रिकाम्या बाटलीत, पिठाच्या चाळणीमागे, एकटा. मी मनीप्लांटचं एक पान बोलतोय. दोन वर्षांपूर्वी जेवढा होतो, तेवढाच आहे.

माझा वेल तिच्या आईचा. आई कपडे शिवायची. शिलाई मशीनमागच्या भिंतीवर दोरे ताणून तिने आम्हाला चढवलं होतं. एखाद्या गिऱ्हाइकाने पान ओढलं, की म्हणायची, "ओढू नका हो, त्याचं माप घेऊन झालंय."

आई गेली. खोली रिकामी करून द्यायची होती आणि मुलगी शिकायला परदेशी निघालेली, बॅगा दाराशी. "आईचा वेल मरू द्यायचा नाही," म्हणत ती आईची कात्री घेऊन बसली. बारा पानं, बारा बाटल्या, बारा घरं. डोळ्यांना धार लागली होती, तरी काम नीटनेटकं चाललं होतं. वेलाला जागोजागी गाठी असतात, गाठींवर तपकिरी खुंट असतात. तिला ते कुजके वाटले. तिने गाठी छाटून केरात टाकल्या आणि आम्हाला गुळगुळीत देठांसकट घरोघरी पोचवलं. नव्या कोंबाचा डोळा त्या गाठीतच असतो. आईला हे ठाऊक होतं, पण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मी आत्याच्या वाट्याला आलो. मला मुळं फुटली तेव्हा आत्या केवढी हरखली! शेजारणीला बोलावून दाखवलं. मग ती दुसऱ्या पानाची वाट बघत बसली. मुळांनी बाटली भरली, पान काही येईना. मला वाढायचं नव्हतं असं नाही. जिथून वाढायचं ती जागाच अंगावर ठेवली नव्हती. बाकीचे अकरा कधी पिवळे पडले, कधी फेकले गेले, कुणी लक्षात ठेवलं नाही.

"आत्या, आईचा वेल कसा आहे गं?" तिकडून फोन यायचा.

"मजेत आहे. तू अभ्यास कर."

आणि आत्याने रोपवाटिकेतून एक भरगच्च वेल आणून बैठकीत टांगला. दर महिन्याला त्याचे फोटो जाऊ लागले. मी चाळणीमागे गेलो. मला फेकायचा आत्याला धीर झाला नाही आणि दाखवायचाही नाही.

काल ती परत आली. बॅग खांद्यावरून न उतरवताच वेलाला बिलगली. "आत्या, आईच उभी आहे गं ही! आता बघ, पन्नास कलमं करते. या गल्लीत एक घर सोडणार नाही."

"अगं, आधी चहा तर घे."

"गाठीखाली कापायचं असतं, आत्या. तिकडे शिकले मी. गाठ गेली की पान नुसतं जगतं, वाढत नाही."

आत्या आत गेली आणि माझी बाटली आणून तिच्यापुढे ठेवली.

"शी! हे असं अडाण्यासारखं कुणी कापलं?"

"तूच, बाई."

ती माझा देठ बघत राहिली. मग वेलाकडे बोट केलं. "आणि हा?"

"विकतचा."

"दोन वर्षं खोटं बोललीस माझ्याशी?"

"मग काय सांगायला हवं होतं? परीक्षेच्या तोंडावर सांगू, की आईचं काही उरलं नाही आणि ते तूच कापून टाकलंस?"

चहा दोघींचाही निवला.

लोक म्हणतील, जिवंत आहे ना, मग झालं. नाही झालं. माया म्हणून माझं पाणी बदलत राहिलात. मला त्याचे उपकार वाटत नाहीत.

आज सकाळी ती उठली ती ठरवूनच. मला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं, बाटली घासली. "आत्या, या वेलाची कलमं देऊ सगळ्यांना. पण आईचा म्हणून नाही. विचारलं तर आईच्या वेलाचं काय झालं तेही सांगीन. मीच सांगीन."

मला आता पाण्यात परत ठेवू नका. माझी मुळं ओट्यावर वाळताहेत, वाळू द्या.

बैठकीत कात्री वाजली. आवाज मी ओळखला, आईचीच कात्री. या वेळी ती बरोबर गाठीखाली लागली.