गुड्याच्या दाराचा संशय

मी एक जुने दार आहे. देवळाचे नाही, चावडीचे नाही, कोंबड्यांच्या गुड्याचे. गुडा म्हणजे खुराडे. आमच्या मालवणाकडे गुडाच म्हणतात. उंची जेमतेम दोन हात, पण तेवढ्यावर जाऊ नका. तुम्हाला मित्रांनो म्हणते खरे, तरी जरा लांब उभे राहूनच ऐका. तुम्ही कोण, कुठले, हातातल्या पिशवीत काय आहे, मला काय ठाऊक? जो येईल त्याच्यावर विश्वास ठेवायला लागले तर मला दार कोण म्हणेल?

माझ्या आधी गुड्याला चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, विणलेला झाप होता. एका पहाटे कोल्ह्याने तो फाडला आणि चार कोंबड्या नेल्या. घरधनीण सुभद्रा त्या दिवशी पेजही प्यायली नाही. तिचा नवरा हरिश्चंद्र गलबतावर खलाशी होता. त्याने बंदरावरच्या एका मोडक्या होडीच्या फळ्या मागून आणल्या आणि लवू सुताराला बोलावले. लवूने मला दोन दिवसांत घडवले, लोखंडी बिजागऱ्या ठोकल्या, आडवा अडसर बसवला. मग मला दोन लाथा घालून म्हणाला, आता कोल्ह्याच्या बापालाही हे उघडायचे नाही. हे एकोणीसशे पंचावन्न साल. वाडीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या, आणि खरे सांगते, मी जरासे फुगलेच होते.

सकाळी अडसर निघाला की कोंबड्या माडांखाली पांगत. आळ्यांतली माती उकरत, केळींच्या मुळाशी लोळत. तिन्हीसांजेला सुभद्रा एकेक मोजून आत घेई. दिवसभर मी उघडे असे, पण डोळे मिटलेले नसत. मांजर आले की संशय. मुंगूस दिसले की संशय. कावळा गडग्यावर बसून मान वाकडी करी, त्याचाही मला संशय. जेवणवेळेलाच नेमके येणाऱ्या पाहुण्यांविषयी तर मी काही बोलतच नाही.

गडगा म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत. तिच्या पलीकडे नर्मदाचे घर. नर्मदा आणि सुभद्रा एकाच साली लग्न होऊन या वाडीत आलेल्या. विस्तव, मीठ, आमसुले, सगळी देवघेव त्या गडग्यावरून चाले. आमच्या कोंबड्याही घार दिसली की फडफडत गडगा ओलांडायच्या आणि नर्मदाच्या ओटीखाली लपायच्या. मला ते मुळीच आवडत नसे. गडग्याच्या उलट अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा, होता आणि व्हाळापलीकडे भातशेती. त्या बाजूला कुंपण मोडके म्हणून धोंडू दरवर्षी करवंदीच्या काट्या रचून देई. धोंडू आमचे नारळ पाडायचा आणि कुंपणेही तोच बघायचा.

अठ्ठावन्न साली नारळी पौर्णिमेनंतर हरिश्चंद्र गलबतावर मलबारकडे गेला. घटस्थापनेपर्यंत येतो म्हणाला होता. तो सुखरूप येऊ दे म्हणून सुभद्राने राखणदाराला एक कोंबडा बोलून ठेवला. राखणदार म्हणजे आमच्या जागेची राखण करणारा देव. वडाच्या मुळाशी त्याचा पाषाण आहे. त्याला राखण म्हणून द्यायचा कोंबडा धडधाकट लागतो, तुटक्या पंखाचा किंवा लंगडा चालत नाही. सुभद्राने एक तांबडा कोंबडा निवडला. त्याला वेगळे तांदूळ, वेगळे पाणी. रोज सकाळी ती आधी त्याच्याकडे बघे आणि मग समुद्राकडे.

घट बसले. गलबत आले नाही. बरोबर गेलेली दोन गलबते परत आली, पण त्या लोकांना काही माहीत नव्हते. वारा फार होता एवढेच ते सांगत.

आणि त्याच पंधरवड्यात कोंबड्या नाहीशा व्हायला लागल्या. आधी एक, चार दिवसांनी दुसरी, मग तिसरी. सकाळी बाहेर सोडलेली संध्याकाळी मोजणीत नाही. अंगणात रक्ताचा थेंब नाही की पीस नाही. कोल्हा म्हणावे तर तो दिवसाढवळ्या येत नाही, असे सगळेच धरून चालले होते. मग कोण? सुभद्राच्या मनात एकच नाव आले आणि माझ्याही मनात तेच होते. नर्मदाची एकही कोंबडी कमी झाली नव्हती. शिवाय तिचा दीर मुंबईहून आला होता आणि त्या रविवारी तिच्याकडून कोंबडीच्या रश्श्याचा वास आला होता. अहो, वास लपतो का?

सुभद्रा तिला काही बोलली नाही. बोलणेच बंद केले. विस्तव मागायला ती चार घरे लांब जाऊ लागली. एकदा नर्मदा गडग्यापाशी येऊन सांगू लागली की व्हाळाकाठच्या भातात तिला कोंबडीची पिसे दिसली. सुभद्राने पाठ फिरवली. मी मनात म्हटले, बघा, चोर कसा भलतीकडे बोट दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सुभद्राने धोंडूला बोलावले आणि व्हाळाच्या बाजूच्या सगळ्या काट्या उचलून नर्मदाच्या गडग्यावर रचायला लावल्या. नव्या तोडायला धोंडूला वेळ नव्हता. तो दोनदा म्हणाला, वैनी, व्हाळाकडे उघडे पडते. पण ऐकतो कोण? गडग्यावर काटेरी भिंत उभी राहिली आणि मला फार बरे वाटले. आता ये म्हणावे नर्मदाला.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर कुणीतरी ओरडत आले की बंदरात शीड दिसतेय. सुभद्रा तशीच धावत गेली. कोंबड्या बाहेर, मी सताड उघडे. भात पिवळे पडत आले होते पण कापले नव्हते. त्या भातातून, व्हाळ ओलांडून, काट्या उचललेल्या जागेतून, लख्ख उन्हात कोल्हा आत आला. घाई नाही, भीती नाही. वाट त्याच्या पायाखालची होती, आजवर तो काट्यांच्या फटीतून येत होता.

त्याला बघून कोंबड्या नेहमीसारख्या गडग्याकडे उडाल्या आणि काट्यांवर आदळून खाली पडल्या. पुन्हा उडाल्या, पुन्हा पडल्या. तांबडा कोंबडा मात्र आडवा उभा राहून कोल्ह्याच्या तोंडावर झेपावला. कोल्ह्याने त्याचा पंख धरला. मी दार! दोन बिजागऱ्यांना टांगलेले. मला जागचे हलता येईना.

तेवढ्यात गडग्यावरच्या काट्या हलल्या. नर्मदा हातांनी काट्या बाजूला फेकत चढली आणि उरलेल्या तुडवत अंगणात उडी टाकून आली. हातात चुलीतले जळके लाकूड. ते तिने कोल्ह्याच्या पाठीत हाणले, तेव्हा कोठे त्याने पंख सोडला. मग तिने कोंबड्या एकेक आत हाकल्या, मला लावले, अडसर घातला आणि कोंबडा मांडीवर घेऊन मला पाठ टेकून बसली. तिच्या तळपायांतून रक्त येत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बंदरातले शीड दुसऱ्याच गलबताचे निघाले. सुभद्रा निराश होऊन परतली आणि पाहते तर नर्मदा आपल्या अंगणात, मांडीवर तांबडा कोंबडा, लुगड्यावर रक्त आणि पिसे.

"शेवटी देवाचोय कोंबडो सोडलंस नाय ना गो?" ती म्हणाली.

नर्मदाने वर बघितले. "आधी आत मोज. मगे बोल."

सुभद्राने अडसर काढला. सातच्या सात कोंबड्या आत होत्या. मग तिला व्हाळाकडचे उघडे कुंपण दिसले, ओल्या मातीतली पावले दिसली, आणि नर्मदाचे पाय दिसले. ती कोंबड्यापाशी वाकली. कोंबड्याचा पंख लोंबत होता. तो आता राखणेला चालणार नव्हता. आपल्याच हाताने आपण नवऱ्यावर अरिष्ट आणले, असे म्हणून ती ढसाढसा रडू लागली.

"रडतंस कित्याक?" नर्मदा म्हणाली. "कोंबडो जित्तो आसा मा? मगे तुझो घोवय जित्तो आसा. राखणेक माझो घे. तो काय परको आसा?"

सुभद्रा उठली. ती घरातून सुई घेऊन आली, नर्मदाचे पाय मांडीवर घेतले आणि दिवे लागेपर्यंत एकेक काटा काढत राहिली. रश्श्याची कोंबडी नर्मदाच्या दिराने बाजारातून आणली होती, हेही तेव्हाच कळले. धोंडूने त्याच संध्याकाळी काट्या पुन्हा व्हाळाकडे नेल्या. कोंबड्या नंतरही दिवसभर मोकळ्या उंडारत. पण दुपारी दोघींपैकी एक तरी अंगणात असे, आणि घराबाहेर पडायचे तर आधी मला लावून.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोंबड्या मोकळ्या सोडा, पण ऊन उतरायच्या आत त्यांना गुड्यात घ्या. कुंपण चारी बाजूंनी हिंडून बघा, ज्या बाजूचा राग आहे तेवढ्याच बाजूने नको. माझा अडसर आता कुजलाय आणि बिजागऱ्या गंजल्यात, त्यांना वर्षातून एकदा तेल दाखवले असते तर बरे झाले असते. संशयी मी आजही आहे. फक्त आता आधी मोजते.

हरिश्चंद्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. डोलकाठी मोडून गलबत कारवारच्या खाडीत अडकले होते. देवदिवाळीला वडाखाली नर्मदाचा कोंबडा ठेवून धोंडूने देवाला गाऱ्हाणे घातले. या घराची राखण कर म्हाराजा, असे तो म्हणाला तेव्हा सुभद्राने त्याला मधेच थांबवले.

"ह्या घराची नको," ती म्हणाली. "दोनय घरांची म्हण."