आईसाठी सोडलेला पंप

आयसीयूच्या काचेला त्या दुपारी इतकी नाकं चिकटली होती की आतल्या सिस्टर वैतागून पडदा ओढायला निघाल्या होत्या. पण काचेपलीकडे चमत्कार चालला होता, आणि चमत्कारावर पडदा ओढला तर लोक काच फोडायला कमी करत नाहीत. म्हणून त्या मुकाट्याने परत फिरल्या.

"आला! आकडा वर आला! सतरा... एकोणीस..." पुढे उभा असलेला एक जण मागच्यांना धावतं वर्णन पुरवत होता. पेशंट त्याची कोणी नव्हती. त्याचे सासरे खालच्या मजल्यावर पाय मोडून पडले होते. पण फुकटचा देव बघायला मिळतोय म्हटल्यावर सासऱ्यांकडे कोण थांबतो?

आत कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण बाई निपचित पडली होती. घशात नळी, आणि नळीतून व्हेंटिलेटर तिला मिनिटाला चौदा श्वास देत होता. खाटेशेजारी, भेटीच्या पासावर 'मामा' म्हणून घुसलेले प्राणबाबा उभे होते. एक हात बाईच्या कपाळावर आणि दुसरा व्हेंटिलेटरच्या जाड नळीवर. मांजर कुरवाळावं तशी ते ती नळी कुरवाळत होते.

"हा प्राणवायू कोणाचा?" बाबा डोळे मिटून म्हणाले. "यंत्राचा? मग यंत्र कोणाच्या जिवावर? विजेच्या! आणि वीज कोणाच्या जिवावर? बोला!" कोणीच बोललं नाही, आणि कोणी बोललं असतं तरी बाबा थांबणार नव्हते. "अरे, श्वास ठरलेला असतो. एका घराच्या वाट्याला इतकाच. एकाने जादा ओढला की दुसऱ्याला कमी पडणारच!"

मशीनच्या पडद्यावरचा श्वासांचा आकडा चोवीसवर गेला. बाईची नणंद तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसली. तिनेच बाबांना आणलं होतं. काचेबाहेर हुंदके फुटले, आणि पाय मोडलेल्या सासऱ्यांच्या जावयानेही डोळे पुसले.

हे सगळं डॉक्टरांच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या छोट्या मॅडम बघत होत्या. डॉक्टर झाल्या, तज्ज्ञ झाल्या, तरी शिकणं संपेना. आता फुप्फुसांचे आणि अतिदक्षतेचे रोगी सांभाळायची फेलोशिप चालली होती. केस पिकायला लागले तरी विभागप्रमुख म्हणजे 'मोठे सर' आणि या अजून 'छोट्या मॅडम'च. खरं तर बाबांना दंडाला धरून बाहेर काढायचं काम त्यांचंच होतं. पण त्यांचे पाय उचलत नव्हते, कारण या जत्रेचा नारळ त्यांनी स्वतःच फोडला होता.

बाईला दम्याचा जोराचा झटका आला होता. दवाखान्याच्या वाटेवरच तिचं हृदय थांबलं. छोट्या मॅडमनी स्वतः छाती दाबून ते पुन्हा चालू केलं, पण मेंदू फार वेळ प्राणवायूवाचून राहिला होता. ती डोळे उघडेना, चिमटा काढला तरी हलेना. मग परवा सकाळी पडद्यावर चौदाच्या जागी सतरा दिसले. म्हणजे तीन श्वास मशीनचे नव्हते! छोट्या मॅडम धावतच बाहेर गेल्या आणि तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "दादा, त्या स्वतःहून श्वास घेताहेत."

नवरा शिंपी होता, मितभाषी माणूस. त्याने नुसते हात जोडले, आणि ते किती तरी वेळ तसेच राहिले. ही बातमी नणंदेमार्फत बाबांपर्यंत गेली. बाबांनी त्यावर फक्त आपलं दुकान थाटलं.

गर्दी पांगल्यावर छोट्या मॅडम बाहेर आल्या आणि त्यांच्या कानावर ओळखीचा आवाज पडला. बारीक शिट्टीसारखा. हा आवाज ओळखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. बाकावर बाईची मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आत्ता मात्र ती दोन्ही हात बाकावर रोवून, खांदे वर ओढून बसली होती. गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती.

"बाळा, तुला पण दमा आहे? पंप कुठे तुझा?"

"सोडला," भिंगरी म्हणाली. एका दमात तिला एवढंच बोलता येत होतं. "प्राणबाबा म्हणाले... मी पंप ओढते... तो आईच्या वाटणीचा."

"काहीतरीच! कोणी सांगितलं असं असतं म्हणून?"

"पण मी सोडला... तर आकडा वाढला ना." तिने समजूतदारपणे छोट्या मॅडमकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना... ती घेतेय."

छोट्या मॅडमनी वाफेच्या औषधाचा मास्क मागवला, पण भिंगरीने तो ढकलून ओठ घट्ट मिटून घेतले. बाप शेजारी उभा होता. त्याचाही जीव तुटत होता, हे दिसत होतं.

"राहू द्या मॅडम," तो हळूच म्हणाला. "तिची आई एवढी झगडतेय. आजचा दिवस बघू."

"दादा, अशा झटक्यात मूल जातं. तिची आई अशीच गेली—" त्या थबकल्या. जीभ खरं बोलून गेली होती. शिंप्याने मान फिरवली.

त्या तशाच आत गेल्या आणि बाईच्या खाटेशी उभ्या राहिल्या. पडद्याकडे न बघता त्यांनी तिच्या छातीवर तळवा ठेवला. हे परवाच करायला हवं होतं. मशीनने हवा ढकलली की छाती वर येई, पण त्याआधी छातीत हालचालीचा मागमूसही नव्हता. श्वास घ्यायला निघालेल्या माणसाची छाती आधी स्वतः उचलते. हिची उचलत नव्हती. मग त्यांनी नळीकडे पाहिलं. हवा ओलसर करून देतात, त्याचं पाणी नळीच्या झोळात साचलं होतं. खाटेला धक्का लागला, पाणी डुचमळलं आणि मशीनने लगेच एक श्वास दिला. त्यांनी नळी बोटाने हलवली. आणखी एक श्वास.

"ट्रिगर कितीवर ठेवलायस?" मागून मोठ्या सरांचा आवाज आला.

ट्रिगर म्हणजे मशीनने किती कान टवकारून बसायचं, त्याचं बटण. रोग्याने हवा ओढायची जराशी खटपट केली की मशीन मदतीला धावतं. कान फारच टवकारले, तर पाण्याची हालचाल, हृदयाचा ठोका, सगळंच त्याला रोग्याची हाक वाटायला लागतं.

"सगळ्यात नाजूकवर," छोट्या मॅडम म्हणाल्या. "वाटलं, एखादा अगदी छोटासा श्वास असेल तर निसटायला नको."

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तूही नवसच बोललीस की. बाबा हात फिरवून बोलला, तू बटण फिरवून."

छोट्या मॅडमनी पाणी काढून टाकलं, ट्रिगर जागेवर आणला. आकडा चौदावर आला आणि तिथेच थांबला. छोट्या मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"त्या पोरीला नुसतं सांगून पटणार नाही, सर. तिने डोळ्यांनी बघितलंय."

"मग डोळ्यांनीच दाखव. आणि लगेच दाखव, तिला वेळ नाहीये."

फेलोंच्या शिकवणीच्या खोलीत एक जादा व्हेंटिलेटर होता. छोट्या मॅडमनी तो सुरू केला आणि बाबांना निरोप धाडला: आणखी एक जण आहे, त्याने आजवर स्वतःहून एकदाही श्वास घेतलेला नाही. बाबा काय, तयारच होते! मागे नणंद, शिंपी, त्याच्या कडेवर भिंगरी, आणि हो, सासऱ्यांचे जावई. टेबलावर हनुवटीपर्यंत चादर ओढलेला एक चेहरा, तोंडात नळी, चिकटपट्ट्या. आकडा चौदा.

"बिचारा!" बाबा हळहळले. "कोणाचा कोण! पण प्राणाला नातं नसतं!" कपाळावर एक हात, नळीवर दुसरा. "ये रे, ये! तुझ्या वाटणीचा ये!" आकडा सतरा, वीस, तेवीस. नणंदेने हात जोडले. "आला! आला!" जावई ओरडला.

"आता नळीला हात न लावता करा, बाबा," छोट्या मॅडम म्हणाल्या.

"हे काय गारुड्याचा खेळ आहे? सिद्धी अशी—"

"एकदाच. त्या बिचाऱ्यासाठी."

बाबांनी दोन्ही हात कपाळावर ठेवले, डोळे वटारले, फुंकर मारली. चौदा. पुन्हा फुंकर. चौदा. मग छोट्या मॅडमनी एका बोटाने नळी हलवली आणि आकडा सरसर चढला. "मला कसलीही सिद्धी नाही," त्या म्हणाल्या. "मी तर एकदा परीक्षेत नापासही झालेय." आणि त्यांनी चादर ओढली. खाली रबराचा पुतळा होता. त्याला कमरेखाली काही नव्हतंच.

हशा पिकला. सगळ्यात मोठा अर्थातच जावयाचा. "बाबा, रबराचा मामा कोण?" कोणीतरी विचारलं. "रबर झाडाचंच ना! झाडातही प्राण—" असं काहीतरी पुटपुटत बाबा दाराकडे सरकले. दारातल्या सिस्टरनी त्यांच्या खिशातला पास काढून घेतला. छोट्या मॅडमनी नळी उचलून सगळ्यांना आतलं पाणी दाखवलं आणि मशीन त्यालाच श्वास समजतं ते समजावलं. या पुतळ्याच्या मशीनचं बटण आधी बाईच्या मशीनचं होतं तसंच ठेवलं होतं, हेही सांगितलं.

हसणं मात्र लगेच विरलं, कारण शिंपी हसला नव्हता.

"मग ही?" त्याने विचारलं. "हिचे श्वास?"

"पाण्याचे होते, दादा. परवाचेही."

भिंगरीची मान बापाच्या खांद्यावर कलंडली होती. ओठ निळसर पडले होते. छोट्या मॅडम तिच्या चेहऱ्याशी वाकल्या. "बाळा, तुझ्या पंप सोडण्याने आईचा आकडा वाढला नव्हता. आणि तू घेतलास म्हणून तिचा काहीही कमी होणार नाही. ऐकतेस ना? घे."

ती बापाकडे बघत राहिली. शिंप्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "घे गं माझे आई," तो म्हणाला, "घे," आणि त्याने स्वतःच मास्क तिच्या तोंडावर धरला.

संध्याकाळी मोठ्या सरांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी बाईची शेवटची तपासणी केली आणि मेंदू कायमचा थांबल्याचं सांगितलं. शिंपी पूर्ण वेळ पायथ्याशी उभा होता. बाहेर आल्यावर तो छोट्या मॅडमसमोर थांबला. आवाज चढला नव्हता.

"बाबाने फसवलं, ते कळलं. पण त्याचं ऐकलं ते तुमच्या शब्दामुळे."

"हो," त्या म्हणाल्या. "मी नीट तपासलं नाही आणि सांगून मोकळी झाले. मलाही ते खरं हवं होतं." त्या त्याच्याकडे बघतच पुढे म्हणाल्या, "दादा, यापुढे कोणीही मनासारखं सांगितलं, तर आधी विचारा, कशावरून? बाबाला विचारा, शेजाऱ्याला विचारा, डॉक्टरला विचारा. मी चिडले, तर मला दोनदा विचारा. ज्याच्याकडे उत्तर असेल, तो दाखवेल."

शेजारच्या खोलीच्या उघड्या दाराशी, खाटेवर भिंगरी टेकून बसली होती. शिट्टी आता खूपच बारीक झाली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मास्क थोडा बाजूला केला.

"आई गेली," ती म्हणाली. "कशावरून?"

शिंप्याने डोळे मिटले. सिस्टर पुढे झाल्या, पोरीला कुशीत घ्यायला, काहीतरी गोड सांगायला. छोट्या मॅडमनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि भिंगरीशेजारी बसल्या.

"आधी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. डोळ्यातली बाहुली बारीक झाली नाही. मग घशात नळी घालून बघितली. तिला ठसका आला नाही. मग मशीन काढलं. नुसता ऑक्सिजन ठेवला आणि छाती उघडी ठेवून बघत बसलो. श्वास घेतला नाही की रक्तात खराब हवा साठत जाते. मेंदू थोडा जरी जागा असला तरी त्याला ते सहन होत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच."

"तुम्ही पाणी काढलं होतं?"

"काढलं होतं. आणि नळी मशीनला नव्हतीच."

"हात कोणी लावला नाही ना?"

"कोणी नाही. तुझे वडील तिथेच होते, त्यांना विचार."

भिंगरीने बापाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने थोडा विचार केला.

"आणि तिने घेतला नाही?"

"नाही घेतला, बाळा."

"एकपण?"

"एकपण नाही."

मग भिंगरीने मास्क परत तोंडावर ओढला आणि त्याच्या आत मोठ्याने रडायला लागली. छोट्या मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.