उलट्या पिळाची वात

“करणाऱ्याले विचारल्याबिगर डोंगा पाण्यात टाकू देजो नोको, अंजू. पोरं आयकणार नाईत. तू आयकशीन.”

मामाजींचा आवाज शेवटी इतका बारीक झाला होता की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. आर्वीच्या बाजारात ते सदाशिवराव शेट. मी हो म्हटलं. “पण करणारा कोण, मामाजी?” म्हणून विचारलं. त्यांचे ओठ हलले, शब्द काही आला नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

ती होडी म्हणजे आमच्या घरची जुनी हौस. आम्ही होडी म्हणतो, नदीकाठचे लोक डोंगा म्हणतात. अस्सल सागाची, मागची फळी मोटार बसवायला खाली कापलेली. वर्धा नदीच्या पलीकडे आमची शेती होती आणि जवळ पूल नव्हता, तेव्हा मामाजींनी मुंबईहून मोटार मागवून ती होडीच्या मागे लावली होती. ती फडफडत निघाली की माणसं काठावर पाहायला येत, असं ते सांगत. पुढे पूल झाला, धरण झालं, पलीकडची शेती विकली. होडी जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये विटांवर पडून राहिली. माझं लग्न झाल्यापासून मी तिला पाण्यात पाहिली नाही.

या दिवाळीला माझ्या मुलाने, स्वप्निलने, ती बाहेर काढली. त्याच्या मुलीचा, आचलचा, वाढदिवस कार्तिकात येतो. रविवारी धरणाच्या पाण्यात तिला पणजोबांच्या होडीतून फिरवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. नवी मोटार आली, नारिंगी जाकिटं आली.

“करणाऱ्याला विचारायचं राहिलं, बाळा,” मी म्हटलं.

“आई, साठ वर्षं झाली वो. करणारा आता वरून पाहून राह्यला असन. त्याले काय मिस्ड कॉल देऊ?”

“मी मामाजींना शब्द दिलाय.”

“मग शोध. रविवारपर्यंत सापडला त विचारू. नाई त आचलचा केक काऊन सुकवायचा?”

माझ्या मिस्टरांना, गजेंद्ररावांना, विचारलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “नाचणगावच्या कोण्या किसन मिस्त्रीनं बनवली होती म्हणे. आईले विचार.” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुलोचनाबाई, तिथेच तुरीच्या शेंगा सोलत होत्या. “मले काय ठाव? माहं माहेर बैतूलकडचं,” म्हणाल्या आणि टोपली उचलून आत गेल्या. त्यांच्या माहेरी कोणी उरलं नाही, हे मला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. कधी कोणी आलं नाही, त्याही कुठे गेल्या नाहीत.

बुधवारी शेडमध्ये गेले. अंकुश सुतार फळ्यांच्या सांध्यांत पुट्टी भरत होता. जुनं भरण तो खिळ्याने ओढून खाली टाकत होता.

“ताग नाई, सुतळी नाई, पाहा काकू,” तो म्हणाला. “साधा कापूस पिळून राळेत बुडवला अन् ठोकला. देवाच्या वातीवानी.”

मी एक तुकडा उचलला. खरंच वात होती. काळी, कडक, बोटभर. मी रोज पहाटे वाती वळते, कार्तिकात तर त्रिपुरी पौर्णिमेच्या वातींसाठी दुपारही जाते. तो तुकडा हातात घेतला आणि उगीचच ओळखीचा वाटला. का, ते कळेना. पदराच्या टोकाला बांधला आणि घरी आले.

गुरुवारी पूजा आटोपून एसटीने पुलगाव गाठलं, तिथून ऑटोने नाचणगाव. किसन मिस्त्रीचं घर विचारत विचारत गेले. मिस्त्री कधीचे गेलेले. त्यांचा मुलगा रूपराव ओट्यावर जाळं विणत बसला होता. सत्तरीचा असेल. नजर अधू, पण बोटं न चुकता चालत होती.

“बसा, बाई. कोणाकडच्या?”

“आर्वीची. सदाशिवराव शेटची सून.”

बोटं थांबली. “शेट गेले, आयकलं मी,” एवढंच म्हणाला आणि पुन्हा विणू लागला. चहा विचारला. मी म्हटलं, उपास आहे, पाणी चालेल. त्याच्या सुनेने पितळी गडव्यातून पाणी दिलं.

“ती होडी तुमच्या वडिलांनी केली ना?”

“सारं गाव तसंच म्हणते.”

“म्हणजे?”

मी पदराची गाठ सोडून ती वात त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, वास घेतला, मग दोन बोटांनी हळूच उकलू लागला.

“बापाचा उजवा हात आरीनं गेलता, बाई. त्या डोंग्याची एक बी फळी त्यानं लावली नाई. तो खाटेवर बसून सांगे, अन् आमची सुली करे. रंधा तिचा, खिळा तिचा. मी राळेचं भांडं धरून उभा राहो. हे पाहा, पीळ उलटा हाय. डावखुरी होती ना.”

“सुली कोण?”

“माही बहीण.”

“त्या कुठे असतात आता? मला त्यांना भेटायचंय. रविवारी नातीला त्या होडीत बसवणार आहेत.”

त्याने जाळं मांडीवर ठेवलं आणि मान वर केली.

“तुमी मजाक करून राह्यल्या का, बाई?”

“नाही हो. देवाशपथ नाही.”

“तुमच्याच घरी असते ते. तुमची सासू हाय.”

मी हसले. खरंच हसले, आणि मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं, मला ते काढता येईना. गडवा हातातून सुटला. सून धावत आली, “काय झालं, काय झालं” करू लागली. मी फक्त ओट्यावरून पाणी वाहत जाताना बघत होते.

उलटा पीळ. मीही उलटाच पीळ देते! आत्याबाईंनी शिकवला तसा. देवघरात डावा हात चालायचा नाही, त्या सगळं उजव्यानेच करत. वाती तेवढ्या डाव्या हाताने वळत, त्यांच्यासमोर बसून मी तशाच शिकले. सोवळं त्यांनी शिकवलं, चतुर्थी त्यांनी शिकवली, नैवेद्याच्या पानाभोवती पाणी कसं फिरवायचं तेही त्यांनीच. आमच्या घरात मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत, तेही मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि त्या या जाळ्यांच्या ओट्यावरच्या?

“शेट डोंगा पाहाले येत,” रूपराव सांगत होता. “एका दिवसाआड. डोंगा कायले पाहातीन, सुलीले पाहात. हट्टच धरला. मग त्यायच्या मायनं देवावर सुलीचा हात ठेवून तिले शपथ घ्याले लावली. माहेराचं नाव काढाचं नाई. मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची लेक म्हणून सांगाचं नाई. बैतूलकडच्या व्यापाऱ्याची म्हणून सांगाचं. अन् सुलीनं पाळली, बाई. एकदा मी मासोळ्या घेऊन आर्वीले गेलतो. म्हटलं, डोळ्यानं तरी पाहू. दार तिनंच उघडलं.”

“मग?”

“मले म्हणे, ‘आमच्याकडं चालत नाई, बाप्पा.’ परक्यावानी बाप्पा म्हणे मले! सख्ख्या भावाले. अन् दार लावलं.”

तो रडत नव्हता. मीच पदर तोंडात धरून बसले होते. निघताना मी होडीचं विचारलं. त्याने हात जोडले. “मले नोको विचारू. ज्यानं केली त्याले विचारजो. पण चारचौघांत तिले उघडं पाडजो नोको. तिचं तिले सांगू दे.”

घरी आले ती बोलता येईना म्हणून ताप आल्याचं सांगून पडून राहिले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोनदा आत्याबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परतले. काय म्हणून विचारणार होते? जी शपथ त्यांनी एवढी वर्षं देवापुढे सांभाळली, ती मी कुठल्या तोंडाने मोडायला सांगणार? आणि न विचारावं तर आचल त्या होडीत बसणार.

रविवार उजाडला. पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. आत्याबाई देवघरात माझ्या बाजूला बसून वाती वळत होत्या. डाव्या तळहाताखाली कापूस फिरत होता. इतकी वर्षं पाहिलेला तो हात मला बघवेना. मी पदराची गाठ सोडली आणि ती काळी वात त्यांच्यासमोरच्या पांढऱ्या वातींच्या शेजारी ठेवली.

त्यांचा हात थांबला. त्यांनी ती उचलली, वास घेतला, अगदी रूपरावने घेतला तसाच. मग माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, एकदाच. बाहेर स्वप्निलचा हॉर्न वाजला. “आई, आम्ही निघालो! पूजा करून या मागून.”

मी आरती अर्धवट ठेवून उठले. त्याही उठल्या. गजेंद्ररावांना आश्चर्य वाटलं. आत्याबाई पाण्याच्या बाजूला कधी येत नसत. गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या आणि वात मुठीत होती.

धरणाच्या काठावर ट्रॉलीवरून होडी उतरवली होती. नव्या वार्निशने आरशासारखी चमकत होती. मोटार मागे लावून झाली होती आणि जाकीट घातलेली आचल आत बसून फुगे धरून ओरडत होती.

“थांब, स्वप्निल,” मी म्हटलं. त्या दिवशीचा माझा पहिला शब्द. “करणाऱ्याला विचारल्याशिवाय नाही.”

“भेटला का करणारा?”

मी आत्याबाईंकडे पाहिलं.

“नाई ना? मग ढकल रे, अंकुश.”

“आचल, बाहेर ये,” मागून आत्याबाईंचा आवाज आला. चढलेला नव्हता, पण असा मी कधी ऐकला नव्हता. लुगड्याचा काष्टा खोचून त्या सरळ पाण्यात शिरल्या. आचलला उचलून माझ्या हातात दिलं. मग होडीच्या कडेवरून डावा हात फिरवला, बोटाच्या हाडाने एकेक फळी वाजवत मागपर्यंत गेल्या.

“पुट्टी कोणं भरली?”

“मी, आजी. फर्स्ट क्लास भरली,” अंकुश म्हणाला.

“फर्स्ट क्लास! लाकूड वाळून खडंग झालं. पाणी पेलं का फुगते ते. त्याले फुगाले जागा ठेवली का तू? पुट्टी बाहेर फेकीन ते. अन् मोटारीचं वजन मागं. मागची फळी पहिले उघडीन. काठावर नाई, मधात गेल्यावर.”

स्वप्निल हसला. “आजी, तुले काय समजते यातलं?”

“मीच केली ना ते.”

गजेंद्रराव पुढे झाले. “आई, ऊन लागलं का तुले? चाल, सावलीत बस.”

“मी किसन मिस्त्रीची लेक हाय, गजू. नाचणगावच्या ढिवराची. बैतूल मी पाह्यलं बी नाई कधी.”

हातातली गाडीची किल्ली गजेंद्ररावांनी तशीच घट्ट धरून ठेवली होती. माझं ऐकून झालेलं होतं, तरी त्यांच्या तोंडून ते नवंच वाटलं. आचलला मी इतकं आवळलं की ती कळवळली. स्वप्निलने एकदा आजीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “आई, तुले माहीत होतं?” मी मान खाली घातली.

“तमाशा पाहू नोका,” आत्याबाई म्हणाल्या. “मोटार काढा. दोर धरा अन् रिकामी ढकला. कंबरभर पाण्यात, पुढं नाई.”

त्यांनी तसं केलं. होडी डुलत उभी राहिली. सगळे बघत होते. बराच वेळ काही झालं नाही आणि अंकुशने सुटकेचा श्वास टाकलाही. मग मागच्या फळीतून पुट्टीची एक पट्टी सापासारखी बाहेर आली, तरंगू लागली. तिच्यामागून पाणी आलं. पाझर नव्हे, धार. आचल जिथे बसली होती ती जागा बघता बघता बुडाली, फुगे पाण्यावर आले.

स्वप्निल काठावर मटकन खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आत्याबाई त्याच्यापाशी गेल्या, ओला हात त्याच्या केसांवर ठेवला. “झालं नाई ना काही. उठ. आत दगडं भरा अन् बुडवून ठेवा तिले, उथळात. लाकडाले पाणी पेऊ द्या. मग मी सांध्यायले कापूस भरीन. तवा बसजो पोट्टीले घेऊन.”

“बाबांना ठाऊक होतं?” गजेंद्ररावांनी विचारलं.

“शपथेच्या वक्ती बाजूलेच त उभे होते. मले कधी म्हणाले नाई का मोड म्हणून. जाता जाता इले सांगून गेले. मले सांगाची हिंमत नाई झाली त्यायची.” त्या माझ्याकडे वळल्या. आता मला आठवलं: मामाजींचे ओठ हलले तेव्हा त्यांची नजर दाराकडे गेली होती, आणि दारात आत्याबाई उभ्या होत्या. मी समजले, त्यांना पाणी हवंय.

“रूप्या कसा दिसते?” त्यांनी मला विचारलं.

“डोळे कमी झालेत. जाळं विणतात अजून.”

त्यांनी होडीकडे पाहिलं. पुरुष दगड गोळा करू लागले होते.

“याच डोंग्यात बसून निघाली होती मी,” त्या हळूच म्हणाल्या. “शेट मोटार चालवत होते. रूप्या काठावर उभा. मी त्याले म्हटलं, रडू नोको, सांजच्याले येतो.”

मग त्यांनी लुगड्याचा पदर पिळला, खांद्यावर घेतला. कोणाला काही न विचारता चढ चढून, जिथून पुलगावची एसटी जाते त्या रस्त्याकडे चालू लागल्या. गजेंद्ररावांनी हाक मारली, “आई, थांब, गाडी काढतो.” त्या थांबल्या नाहीत. मी आचलला तिच्या आईजवळ दिलं आणि काठावर राहिलेल्या त्यांच्या चपला हातात घेऊन मागे निघाले.